नाटकातून चित्रपटात आल्यावर ‘थोडं कमी करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी गेली आठ वर्षे सांगलीत हौशी रंगभूमीवर काम करतो आहे. एकांकिका स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धा मिळून लहानमोठ्या पंधरा-सोळा भूमिका केल्या. गेल्या महिन्यात एका मराठी चित्रपटात पहिल्यांदाच काम मिळाले. भूमिका तीन दृश्यांची आहे. धाकट्या भावाने वडिलोपार्जित शेत परस्पर विकल्याचे थोरल्या भावाला कळते, मग दोघांचे भांडण होते आणि वर्षभराने ते पुन्हा भेटतात. हा थोरला भाऊ मी करतो आहे.

पहिल्याच दिवशी माझी फार ओढाताण झाली. दिग्दर्शक अतिशय सौजन्याने वागत होते, पण प्रत्येक टेकनंतर एवढेच म्हणत, ‘थोडं कमी करा.’ मी आधी आवाज खाली आणला, मग हात आवरले, शेवटी चेहराही आवरून धरला. सातव्या टेकनंतर ते म्हणाले, ‘आता काहीच होत नाहीये.’ संध्याकाळी मॉनिटरवर सगळे पाहिले, तेव्हा पहिल्या टेकमधला मी मलाच खोटा वाटलो आणि सातव्यातला निर्जीव. नाट्यगृहात ज्या तऱ्हेच्या वाक्याला हमखास शांतता पसरते, ते वाक्य मी भावाला न सांगता कुणा तिसऱ्यालाच ऐकवतो आहे, असे दिसत होते.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी घडल्या. वर्षभरानंतरच्या भेटीचे दृश्य आधी चित्रित झाले, त्यामुळे भांडण होण्यापूर्वीच मला समेट करावा लागला. शिवाय बोलताना मी चहाचा कप एका टेकमध्ये एका शब्दावर उचलला आणि दुसऱ्या टेकमध्ये भलत्याच शब्दावर, त्यामुळे एक चांगला टेक वापरता येणार नाही, असे सहायक दिग्दर्शकांनी सांगितले.

भांडणाचे दृश्य तीन आठवड्यांनी आहे. ‘कमी करणे’ म्हणजे नेमके काय, उलट्या क्रमाने काम करताना भूमिका सांभाळायची कशी, आणि या सगळ्यात आठ वर्षे शिकलेले विसरावे लागणार आहे का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.


दोन्हीकडचा

कृष्णाकाठ, तुमचे पहिल्या दिवसाचे वर्णन वाचून मला माझा पहिला दिवस आठवला. व्यावसायिक रंगभूमीवर पाच नाटके झाल्यावर मी कॅमेऱ्यापुढे उभा राहिलो होतो आणि मलाही हेच ऐकावे लागले होते. ‘कमी करा’ ही सूचना चुकीची नाही, पण तिच्यात फक्त परिणाम सांगितलेला असतो. कारण नटाला स्वतःच शोधावे लागते.

नाट्यगृहात तुमचे आणि प्रेक्षकाचे अंतर ठरलेले असते. तिसरी घंटा झाली की शेवटच्या रांगेतला माणूस साठ-सत्तर फुटांवर बसलेला असतो आणि पडदा पडेपर्यंत तो तिथेच असतो. तुमची बुबुळे त्याला दिसत नाहीत. म्हणून मनात आलेला विचार मान, खांदे, पावले आणि आवाज यांच्यामार्फत त्याच्यापर्यंत पोचवावा लागतो. ही पोचवण्याची क्रिया आपल्या अंगात इतकी मुरते की ती वेगळी अशी जाणवतच नाही. त्याखेरीज आणखी एक काम आपण नकळत करत असतो. रंगमंचावर सहा पात्रे असताना प्रेक्षकाने या क्षणी कोणाकडे पाहायचे हे आपणच ठरवतो: बोलणारा अर्धे पाऊल पुढे येतो, बाकीचे स्थिर होतात, एखादा वाक्याच्या आधी श्वास घेतो आणि सगळ्या माना तिकडे वळतात.

चित्रपटात ही दोन्ही कामे कॅमेऱ्याने आधीच उचललेली असतात. प्रेक्षक दर शॉटला जागा बदलतो. एका शॉटमध्ये तो अंगणाच्या टोकाला उभा असतो आणि पुढच्या शॉटमध्ये तुमच्या गालापाशी. शिवाय चौकटीत तुमचाच चेहरा असल्यामुळे त्याला दुसरीकडे पाहण्याची सोयच नसते. म्हणून मी ‘कमी करा’चा अर्थ असा लावतो की, कॅमेरा जे काम करतो आहे ते आपण पुन्हा करू नये. पहिल्या टेकमध्ये तुम्ही गालापाशी आलेल्या माणसाला साठ फुटांवरून सांगत होतात. सातव्यापर्यंत येताना तुम्ही पोचवणे थांबवले, ते योग्यच झाले, पण त्याच्यासोबत विचार करणेही थांबवले. पोचवणे तेवढे सोडून द्यायचे आणि विचार पूर्वीइतकाच तीव्र ठेवायचा, यात सगळी मेहनत आहे. मला हे जमायला दोन वर्षे लागली.

याचे एक साधे गणित मी मनाशी ठेवतो. क्लोज-अपमध्ये चौकटीची रुंदी सुमारे दोन फूट असते आणि चित्रपटगृहाचा पडदा चाळीस फूट रुंद असला, तर तुमचा चेहरा वीसपट होतो. भुवई अर्धा इंच वर गेली, तर पडद्यावर ती दहा इंच सरकते. रंगमंचावर भुवई उचलणे ही बारीकशी खूण असते. तीच हालचाल इथे ओरडण्यासारखी दिसते. डोळ्यांच्या उघडझापीचेही तसेच आहे. म्हणून दर शॉटला छायाचित्रणकाराला ‘फ्रेम कुठपर्यंत आहे?’ असे जरूर विचारावे, त्यात कमीपणा नाही. कमरेपर्यंत चौकट असेल तर हात बोलू शकतात, गळ्यापर्यंत असेल तर हात कोणाला दिसणारच नसतात. त्यांनी लेन्स पंच्याऐंशी मिलिमीटरची लावली असेल, प्रकाश आत येण्याचे तिचे छिद्र मोठे ठेवले असेल आणि कॅमेरा पाच-सहा फुटांवर असेल, तर पुढेमागे मिळून दोन इंचांच्या पट्ट्यातच चेहरा स्पष्ट राहतो. रंगमंचावर आवेगात आपण सहज पुढे झुकतो, इथे तेवढ्याने डोळे धूसर होतात आणि उत्तम टेक वाया जातो. जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या खुणेवर न पाहता येऊन थांबणे हाही अभिनयाच्याच तयारीचा भाग आहे. घरी दहा वेळा चालून बघा, आठवडाभरात पाऊल आपोआप बसते.

ज्या वाक्याला नाट्यगृहात शांतता पसरते त्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते. आपण प्रेक्षकांबरोबर बोलत असतो. हशा आला की थांबतो, तो ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो, शांतता जाणवली की ती आणखी अर्धा क्षण ताणतो. चित्रीकरणाच्या वेळी तो प्रेक्षक तिथे नसतो, पण आपल्या कानांना त्याची सवय असते, म्हणून आपण न आलेल्या प्रतिसादासाठी थांबतो आणि दृश्यात भोके पडतात. त्या जागी एकच माणूस ठेवता येतो आणि तो म्हणजे समोरचा भाऊ. प्रेक्षक ऐकतो आहे की नाही यावर असलेले सगळे लक्ष भाऊ ऐकतो आहे की नाही यावर आणा. पुढच्या वेळी एक टेक तरी असा करून पाहा की तुमची वाक्ये कशी म्हणायची याचा विचार न करता फक्त त्याची वाक्ये ऐकायची. माझ्या बऱ्याच कामांत शेवटी वापरलेला शॉट मी बोलत नसतानाचा आहे.


संपादनकक्ष

मी चित्रपटांचे संकलन करते, त्यामुळे नटांना मी नेहमी त्यांच्या अनुपस्थितीत भेटते. एकेका दृश्याचे दहा-पंधरा टेक समोर असतात आणि त्यांतून एक दृश्य उभे करायचे असते. तिथून जे दिसते ते लिहिते.

नाटकाच्या अडीच तासांत भूमिकेची चढण नट स्वतः चढतो. कुठे राखायचे, कुठे उधळायचे, हे त्याच्या हातात असते आणि एकदा प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकही काही करू शकत नाही. चित्रपटात ती चढण माझ्या टेबलावर पुन्हा बांधली जाते. तुमचे एक वाक्य तिसऱ्या टेकमधले असते, पुढचे पाचव्यातले आणि मधला श्वास पहिल्यातला. म्हणून चहाच्या कपाचा एवढा बाऊ करतात. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे संपूर्ण दृश्य दूरवरून घेतात तेव्हा, तुम्ही ‘शेत’ या शब्दावर कप उचलला आणि क्लोज-अपमध्ये तो आधीच ओठांशी असला, तर त्या जागी मला कापता येत नाही. मग तुमचा उत्तम क्षण बाजूला ठेवून, ज्यात कप जुळतो असा बेताचा क्षण घ्यावा लागतो. असे करताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. यावर उपाय असा की मास्टर शॉटच्या आधी हालचाल एखाद्या विचाराशी बांधून टाकावी. ‘हा मला फसवतो आहे हे कळल्यावर मी कप खाली ठेवतो’ असे ठरवले की प्रत्येक टेकमध्ये तो विचार येताच कप आपोआप त्याच जागी खाली जातो. शब्द मोजत बसलात तर डोळ्यांत मोजणी दिसेल. आणि मास्टरमध्ये वस्तू जितक्या कमी हाताळाल तितके पुढे मोकळे राहाल.

समोरचा कॅमेऱ्यामागे उभा राहून संवाद देत असेल, तर दिग्दर्शकाने मुद्दाम सांगितल्याशिवाय त्याच्या वाक्यावर आपले वाक्य चढवू नका. भांडणाच्या दृश्यात तसे करण्याचा मोह होतो, परंतु दोन आवाज एकमेकांत मिसळले की मला ते सुटे करता येत नाहीत. ती चढाओढ संकलनात निर्माण करता येते.

क्रमाबद्दलचा तुमचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. माझा सल्ला असा की तिन्ही दृश्यांसाठी एकेक कागद करा आणि त्यावर भावना लिहू नका. ‘इथे राग’ असे लिहिले की नट राग दाखवू लागतो. थोरल्या भावाला या घडीला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, तो कुठून चालत आला आहे, जेवला आहे का, काल रात्री झोपला होता का, धाकट्याला शेवटचे कधी भेटला, एवढेच लिहा. समेटाचे दृश्य आता चित्रित झालेले आहे आणि ते बदलणार नाही. त्यामुळे कथेत भांडण आधी येत असले तरी तुमच्या कामाच्या दृष्टीने समेट हा भूतकाळ झाला. शक्य असेल तर ते चित्रीकरण पुन्हा पाहू द्या अशी विनंती करा. समेटात तुम्ही भावाकडे पाहणे कुठे टाळले आहे, हात कुठे मागे घेतला आहे, ते टिपून घ्या. वर्षभर जे मनात राहिले म्हणून तो हात मागे गेला, ते भांडणात घडायला हवे. भांडणात तुम्ही सगळेच ओकून टाकलेत, तर समेटातला तो संकोच निराधार होईल.

‘काहीच करू नका, बाकीचे संकलन बघून घेईल’ असेही तुम्हाला कोणीतरी सांगेल आणि आधाराला कुलेशोव्ह यांचा प्रयोग देईल. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट सूपचे भांडे, शवपेटी अशा वेगवेगळ्या शॉटना जोडला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी दुःख दिसले, अशी ती हकिगत आहे. मूळ तुकडे आज उपलब्ध नाहीत, पुदोव्हकिन वगैरेंच्या लेखनातून ती आपल्यापर्यंत आली आहे. जोडणीत अर्थ निर्माण होतो हे मी रोज अनुभवते. पण त्यातून ‘कोरा चेहरा पुरेसा आहे’ असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. कोऱ्या चेहऱ्याच्या नटाचे तीन शॉट चालतात, चौथ्या शॉटला प्रेक्षक त्याला सोडून देतो. ज्या चेहऱ्यामागे विचार चालू असतो तो मी दहा सेकंद न कापता ठेवू शकते, आणि माझ्या दृष्टीने नटाचे याहून मोठे कौतुक नाही.


ध्वनिपथ

आवाजापुरते थोडेसे. अनेक मराठी चित्रपटांत आता चित्रीकरणाच्या वेळीच मूळ संवाद ध्वनिमुद्रित करतात. शर्टाच्या आत छातीशी लावलेला छोटा माइक आणि चौकटीच्या जरा वर धरलेला बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, यांना तुमचे पुटपुटणेही ऐकू येते. त्यामुळे आवाज फेकण्याची गरज नाही, मात्र उच्चारांची आहे. रंगभूमीवरून आलेले नट आवाज कमी करताना त्यासोबत शब्दांचे शेवटही गिळतात. ‘विकलंस’ मधला ‘स’ गेला की संवादाचा अर्थच जातो. समोरचा माणूस तीन फुटांवर असेल तर तीन फुटांपुरते बोला, पण प्रत्येक व्यंजन पूर्ण उच्चारा. एकदम ओरडायचे असेल तर तालमीतच तेवढ्या आवाजात ओरडून दाखवा, म्हणजे आम्हाला पातळी आधीच बेतता येते. छातीवर हात मारून घेण्याची सवय असेल तर तीही आधी सांगा.


तालीम

मी गेली पंचवीस वर्षे तरुण मुलांच्या तालमी घेतो आहे. वरच्या उत्तरांतले बरेचसे मला पटते, परंतु या सगळ्या चर्चेखाली एक समज दडलेला आहे आणि तो मला खटकतो. रंगभूमीवरचा अभिनय मोठा, म्हणून थोडा खोटा, आणि कॅमेऱ्यासमोरचा लहान, म्हणून खरा, असा तो समज आहे. मॉनिटरवर तुम्ही स्वतःला खोटे वाटलात, ते आकार मोठा होता म्हणून वाटलात की तो आकार आतून रिकामा होता म्हणून, हे एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहा. स्पर्धांच्या रंगभूमीवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत परीक्षकांवर छाप पाडायची असते आणि त्या घाईत आपल्या मुलांना काही ठोकळे सापडतात: वाक्याच्या अखेरीस थरथरणारा आवाज, संतापाला ताठ झालेली मान. हे ठोकळे रंगमंचावरही खोटेच असतात. शेवटच्या रांगेतून ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. कॅमेऱ्याने तुमची रंगभूमी नाकारलेली नाही, तिच्यातली आळशी सवय दाखवून दिली आहे, असे मला वाटते.

एक उदाहरण सुलभा देशपांडे यांचे देतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकात त्यांनी बेणारे या नायिकेची भूमिका केली आणि सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपट केला तेव्हाही बेणारे त्यांनीच केली. तिसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारेला बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात, इतर पात्रे गोठतात आणि ती दीर्घ स्वगत बोलते. रंगमंचावर ते दहा सेकंद कित्येक मिनिटांचे होतात आणि प्रेक्षक ते निमूट स्वीकारतो, कारण समोर एक बाई श्वास घेत उभी असते आणि तो काळ ती आपल्या श्वासावर तोलून धरते. चित्रपटात काळ ताणण्याचे किंवा आखडण्याचे काम छायाचित्रण आणि संकलन वाटून घेऊ शकतात. पण बेणारेला आत जे जाळते आहे, ते दोन्हीकडे तेवढेच लागते. कोणतीही भूमिका दोन माध्यमांत करणाऱ्या नटाला दोन वेगवेगळी माणसे शोधावी लागत नाहीत.

तरीही माध्यमांतर सर्वांना मानवेल असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांची भूमिका केली. ज्यांनी आयुष्य वन्समोअरला दाद देत, तेच पद पुन्हा नव्याने फुलवत काढले, त्यांना समोर प्रेक्षक नसलेल्या स्टुडिओत किती परके वाटले असेल याची मी कल्पनाच करू शकतो. त्यानंतर ते रंगभूमीकडे परतले. रंगभूमीवर भूमिका प्रयोगागणिक मुरते, पन्नासाव्या प्रयोगाला एखादे वाक्य अचानक उलगडते. चित्रपटात माणूस पुरता ओळखीचा होण्याआधीच त्याचे काम संपून जाते. ही उणीव खरी आहे आणि तिला माझ्याजवळ उपाय नाही. चित्रीकरणाआधी सहकलाकाराला भेटून स्वतःहून तालीम करणे, इतकेच हातात असते.

‘कॅमेरा सगळे काम उचलतो’ हेही सरसकट धरू नये. ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि स्थिर आहे, शॉट लांबलचक आहेत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या गीतांजली कुलकर्णी त्यात अभिनयाची पार्श्वभूमी नसलेल्या अनेक माणसांबरोबर काम करतात आणि त्यांच्यात मिसळून जातात. अशा शॉटमध्ये लय पुन्हा नटाच्याच हातात येते. तिथे रंगभूमीची शिस्त कामी येते, पोचवण्याची सवय मात्र बाहेर ठेवावी लागते.


कृष्णाकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल भांडणाचे दृश्य पूर्ण झाले. तीन कागद केले होते. समेटाचे चित्रीकरण दिग्दर्शकांनी आनंदाने दाखवले आणि त्यात मला दिसले की मी भावाच्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलेले नाही. म्हणून भांडणात मी ठरवले की थोरल्याने पूर्ण वेळ त्याच्याकडेच पाहायचे आणि शेवटच्या वाक्यानंतर नजर काढून घ्यायची. ‘ठोकळ्यां’बद्दल तालीम सरांनी लिहिले ते वाचताना त्रास झाला, कारण ताठ मान माझीच आहे. या वेळी तिच्यावर लक्ष न ठेवता भावाचे ऐकत राहिलो. आवाज चढायचा तेव्हा चढला, आणि ‘कमी करा’ ही सूचना एकदाही आली नाही.

एकच अडचण राहिली. माझ्या क्लोज-अपच्या वेळी भावाचे काम करणाऱ्या नटाला दुसरीकडे जावे लागले आणि त्याची वाक्ये एका सहायकाने कागदावरून सपाट वाचली. त्या टेकमध्ये मी पुन्हा अडखळलो. अशा वेळी काय करावे?


दोन्हीकडचा

नजर काढून घेण्याची कल्पना फार आवडली.

वाचणाऱ्या सहायकावर अवलंबून राहू नका. तुमच्या बाजूचा क्लोज-अप होण्यापूर्वी मास्टर शॉट झालेला असतो आणि त्यात भावाने ती वाक्ये तुमच्या तोंडावर म्हटलेली असतात. तो आवाज कानात साठवून ठेवा, आणि सहायक बोलेल तेव्हा फक्त वेळ त्याच्याकडून घ्या, वाक्य मनातले ऐका. लेन्सच्या कोणत्या बाजूला पाहायचे ते छायाचित्रणकाराला विचारून तिथे स्टँडवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून घ्या, म्हणजे नजर भटकत नाही. सहायकाला एवढीच विनंती करा की त्याने त्या तुकड्याजवळ उभे राहावे आणि वाचून झाल्यावरही तुमच्याकडे पाहत राहावे. पुढे भावाचा क्लोज-अप लागेल तेव्हा तुमचे काम संपलेले असले तरी निघून जाऊ नका. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून तुमची वाक्ये त्याला पूर्ण द्या.